जुन्या एन्लार्जरचा पॉवर सप्लाय बदलताना

बंद झालेल्या स्टुडिओतून किंवा कुणाच्या माळ्यावरून घरी आलेला एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हमधून प्रकाश टाकून कागदावर मोठं चित्र उमटवणारं यंत्र, दिसतो त्यापेक्षा बऱ्याच चांगल्या अवस्थेत असतो. खांब सरळ असतो, बेलोजवरची धूळ झटकली की ते कामाला येतात, लेन्स पुसून घेता येते. घोडं अडतं ते सोबतच्या डब्यापाशी. ड्युर्स्ट, मेओप्टा, एलपीएल, कायझर या कंपन्यांनी हौशी छायाचित्रकारांसाठी जी रंगीत हेड (बल्ब आणि रंगीत फिल्टर असलेला एन्लार्जरचा वरचा भाग) बनवली, त्यांतल्या बहुतेकांत १२ व्होल्ट, १०० वॉटचा हॅलोजन बल्ब असतो आणि त्याला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात असतो. हा डबा हरवलेला असतो, जळालेला असतो, नाहीतर अमेरिकेतून आलेला ११० व्होल्टचा असतो. तसाच मूळ डबा शोधत महिने घालवण्यापेक्षा नवा सप्लाय जोडणं सोपं आहे, आणि नीट जोडला तर तो मूळ डब्यापेक्षा चांगलं काम करतो.

चांगलं म्हणजे काय, हे आधी मनात पक्कं असू द्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. बल्ब पेटला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण डार्करूममध्ये सप्लायचं खरं काम आहे दर एक्सपोजरला तेवढाच प्रकाश देणं. फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात बदलत नाही, तो साधारण व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज ५ टक्क्यांनी पडलं तर प्रकाश सुमारे १६ टक्क्यांनी कमी होतो. घरातली वीज २३० वरून २१० व्होल्टवर आली आणि सप्लाय साध्या ट्रान्सफॉर्मरचा असला, तर प्रकाशात २७ टक्क्यांच्या आसपास घट होते, म्हणजे जवळजवळ अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणं). गावाकडे संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की असं घडतं, शहरात शेजारचा एसी चालू-बंद झाला तरी थोडंफार घडतं. टेस्ट स्ट्रिपवर, म्हणजे वेगवेगळ्या वेळा देऊन पाहिलेल्या कागदाच्या पट्टीवर, ठरवलेले १२ सेकंद अर्ध्या तासाने खोटे ठरतात, आणि नवशिक्या माणूस दोष डेव्हलपरला, कागदाला किंवा स्वतःच्या हाताला देत बसतो.

खरंच सप्लायच गेला आहे का?

नवं काही विकत घेण्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्या. पुष्कळदा ट्रान्सफॉर्मर ठणठणीत असतो आणि बिघाड दुसरीकडेच निघतो.

प्लग काढून ठेवा. बल्ब बाहेर काढा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून त्याच्या दोन पिना तपासा. बीप आली तर फिलामेंट शाबूत आहे. थंड बल्बचा रेझिस्टन्स ०.१ ते ०.२ ओहम इतका कमी दिसेल, त्याला शॉर्ट समजू नका. बल्बची काच उघड्या बोटांनी धरू नका. त्वचेचं तेल तापलेल्या क्वार्ट्‌झवर बसलं की त्या जागी काच खराब होते आणि बल्ब लवकर जातो. चुकून बोट लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

मग होल्डर पाहा. माझ्या मते हेच सर्वांत जास्त दुर्लक्षिलेलं ठिकाण आहे. १०० वॉटच्या बल्बला १२ व्होल्टवर ८.३ अँपिअर करंट लागतो. होल्डरच्या पकडीवर थोडं जरी ऑक्साइड साचलं, तरी इतक्या करंटला तिथे उष्णता तयार होते, उष्णतेने पकड सैल होते, सैल पकडीमुळे ती आणखी तापते. होल्डरची भोकं काळवंडलेली असली, सिरॅमिकला तडा असला, किंवा जुन्या बल्बच्या पिनांवर खड्डे दिसत असले, तर होल्डर बदलायचाच. सप्लाय नवा आणि होल्डर जुना ठेवलात तर नवा बल्बही त्याच पकडीत खराब होईल.

त्यानंतर डब्याचा फ्यूज, हेडमधला थर्मल कटआउट असला तर तो, आणि खांबावर हेड वर-खाली होताना जिथे केबल वाकते ती जागा. केबलची बाहेरची रबर नीट दिसते, पण आतल्या तारा तुटलेल्या असतात. मीटर लावून केबल हलवून पाहिली की कळतं.

हे सगळं नीट असेल तर ट्रान्सफॉर्मरकडे वळा. प्लग काढलेल्या अवस्थेत प्राथमिक गुंडाळीचे दोन टोक मीटरने तपासा. काहीच वाचन आलं नाही तर गुंडाळी तुटली आहे. जळक्या वार्निशचा वास, फुगलेले कपॅसिटर, प्लग लावताच आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) पडणं, या खुणा स्वयंस्पष्ट आहेत. साधा ट्रान्सफॉर्मर असेल तर बल्ब न लावता दुय्यम बाजूला १२ ते साडेतेरा एसी व्होल्ट दिसणं नेहमीचं आहे. स्टॅबिलाइज्ड डबे मात्र थायरिस्टरने लाट कापून व्होल्टेज स्थिर ठेवतात. त्यांचं आउटपुट साध्या मीटरवर चुकीचं दिसतं, ट्रू आरएमएस मीटर लागतो. अशा डब्याचं झाकण उघडलंत तर आतल्या मोठ्या कपॅसिटरना प्लग काढल्यानंतरही हात लावू नका. त्यांत चार्ज उरलेला असू शकतो.

हेड उघडताना आणखी एक गोष्ट: फार जुन्या एन्लार्जरमध्ये दिव्याभोवती पांढरट, तंतुमय उष्णतारोधक पट्टी दिसली तर ती खरवडू नका, फुंकर मारू नका. त्या काळात ॲस्बेस्टॉस सर्रास वापरलं जायचं. शंका असली की त्या भागाला न छेडता काम करा.

बल्ब काय मागतो, ते वाचा

हेडच्या आतल्या पट्टीवर व्होल्ट आणि वॉट लिहिलेले असतात. ती पट्टी पुसली गेली असेल तर बल्बवरचा कोड पाहा. ईएफपी किंवा ए१/२३१ म्हणजे रिफ्लेक्टरवाला १२ व्होल्ट १०० वॉट. ईएफआर किंवा ए१/२३२ म्हणजे १५ व्होल्ट १५० वॉट. ईएलसी म्हणजे २४ व्होल्ट २५० वॉट. हे तिन्ही बल्ब लांबून सारखेच दिसतात आणि जुन्या हेडमध्ये आधीच्या मालकाने भलताच बल्ब बसवलेला असू शकतो, म्हणून हेडची पट्टी आणि बल्ब दोन्ही जुळतात का ते बघा. दुकानात शो-केसच्या दिव्यांसाठी मिळणारा ५० वॉटचा रिफ्लेक्टर बल्बही तसाच दिसतो, पण त्याच्या पिनांमधलं अंतर ५.३ मिलिमीटर असतं आणि ईएफपीचं ६.३५. जबरदस्तीने खुपसू नका.

तुमच्या एन्लार्जरमध्ये दुधी काचेचा, स्क्रूवाला ७५ किंवा १५० वॉटचा बल्ब असेल, तर त्याला वेगळा सप्लाय नसतोच. तो थेट २३० व्होल्टवर चालतो. तिथे केबल, प्लग आणि होल्डर बदलायचा आणि अर्थिंग नीट करायचं, एवढंच काम. काही अमेरिकन हेडमध्ये ८२ व्होल्टचे बल्ब असतात. त्यांच्यासाठीही पुढची पद्धत लागू नाही. त्यांना मूळ डबा आणि २३० वरून ११० वर आणणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हाच मार्ग बरा. अमेरिकेतून आलेल्या टायमरबाबतही सावध राहा. त्यात सिंक्रोनस मोटर असली तर ती ६० हर्ट्‌झसाठी बनलेली असते. आपल्या ५० हर्ट्‌झवर ती सावकाश फिरते आणि तिचे १० सेकंद खरे १२ सेकंद होतात. व्होल्टेज बदलून हा फरक जात नाही.

मूळ डब्यातून हेडकडे किती तारा जातात तेही मोजा. दोनच असतील तर प्रश्न नाही. जास्त असतील तर एखादी जोडी पंख्याची किंवा फिल्टरच्या आकड्यांमागच्या छोट्या दिव्याची असते. तारा कापण्याआधी फोटो काढा, प्रत्येक तारेला कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहा. हेडमधला पंखा बंद ठेवून हॅलोजन चालवू नका.

तीन पर्याय, आणि माझी निवड

पहिला पर्याय, १२ व्होल्टचा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, १५० व्हीएच्या पुढचा. मजबूत, साधा, वर्षानुवर्षं टिकणारा. टायमर थेट त्याच्या २३० व्होल्टच्या बाजूला लावता येतो. पण घरातल्या विजेचा चढउतार तो जसाच्या तसा बल्बपर्यंत पोचवतो. बाजारातला फ्रिजसाठीचा रिलेवाला स्टॅबिलायझर याला जोडून उपयोग नाही. तो व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उडी मारत बदलतो आणि ती उडी नेमकी एक्सपोजरच्या मध्ये येऊ शकते. जुन्या काळच्या व्यावसायिक लॅबमध्ये यासाठी सीव्हीटी म्हणजे कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर ठेवत. तो अजूनही उत्तम आहे, फक्त जड असतो आणि गुणगुणतो. कुठे चालू अवस्थेत मिळाला तर घ्या.

दुसरा, फॉल्स सीलिंगच्या हॅलोजनसाठी मिळणारा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर. लहान, हलका, स्वस्त. हा उच्च फ्रिक्वेन्सीचा एसी देतो, त्यामुळे बल्बपर्यंतची वायर दोनेक मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही आणि साध्या मीटरवर त्याचं व्होल्टेज खरं दिसत नाही. घरची वीज हलली की यातलेही बरेचसे हलतात. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

तिसरा, १२ व्होल्ट डीसीचा बंदिस्त एसएमपीएस (स्विच मोड पॉवर सप्लाय), जाळीदार धातूच्या पेटीतला, एका कडेला स्क्रूची पट्टी असलेला. घरची वीज १८० ते २६० मध्ये कुठेही असो, हा बाहेर १२ व्होल्टच देतो. फिलामेंटला एसी आणि डीसी यांत फरक पडत नाही. माझी निवड हीच आहे, आणि पुढची कृती याचीच.

मात्र एसएमपीएस निवडताना एक जागा अशी आहे जिथे नवखे हमखास अडतात. गणिताने ८.३ अँपिअर लागतात म्हणून १० अँपिअरचा सप्लाय आणला जातो, आणि बल्ब लुकलुकतो किंवा पेटतच नाही. कारण हे: तापलेल्या फिलामेंटचा रेझिस्टन्स १.४४ ओहम असतो, थंड असताना तो त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. पहिल्या काही मिलिसेकंदांत बल्ब कित्येक पट करंट मागतो. सप्लायला तो शॉर्ट सर्किट वाटतो आणि तो स्वतःला बंद करतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद होतो. म्हणून निदान दुप्पट क्षमतेचा, १७ अँपिअरचा किंवा त्याहून मोठा सप्लाय घ्या. त्याच्या माहितीपत्रकात ओव्हरलोड प्रोटेक्शनची ओळ वाचा. तिथे 'हिकप मोड' लिहिलेलं असेल तर वर सांगितलेली लुकलुक होण्याची शक्यता आहे, आणि अशा वेळी क्षमता जितकी जास्त तितकं बरं. 'कॉन्स्टंट करंट लिमिटिंग' लिहिलेलं असेल तर डोळे झाकून तोच घ्या. तो बंद पडत नाही, मर्यादेत करंट देत राहतो, तेवढ्यात फिलामेंट तापतं आणि सगळं सुरळीत होतं.

या अडचणीवर उपाय म्हणून बल्बच्या वायरमध्ये एनटीसी थर्मिस्टर टाकायचा सल्ला कुणी दिला तर डार्करूमसाठी तो ऐकू नका. थर्मिस्टर तापत जातो तसा त्याचा रेझिस्टन्स बदलतो, म्हणजे पहिल्या प्रिंटला वेगळा प्रकाश आणि लागोपाठच्या पाचव्या प्रिंटला वेगळा. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच हातचं जातं.

टायमर कुठे लावायचा

टायमरमधून एसएमपीएसला २३० व्होल्ट द्यायचे आणि टायमर चालू झाला की बल्ब पेटेल, ही पद्धत सोपी वाटते. तिच्यात दोन दोष आहेत. एसएमपीएसला वीज मिळाल्यापासून १२ व्होल्ट बाहेर यायला अर्धा सेकंदही लागू शकतो. एकच सलग एक्सपोजर देताना ही उशिराची सवय सांभाळून घेता येते, पण टेस्ट स्ट्रिपवर दोन-दोन सेकंदांचे टप्पे देताना दर टप्प्याला तेवढा प्रकाश कमी पडतो, आणि बेरजेने काढलेली वेळ खऱ्या प्रिंटला जास्त ठरते. दुसरा दोष टायमरच्या जिवावर येतो. एसएमपीएस चालू होताना त्याचे कपॅसिटर क्षणभर प्रचंड करंट ओढतात. रोज शंभर वेळा असं झालं की जुन्या टायमरचे कॉन्टॅक्ट जळतात.

म्हणून एसएमपीएस पूर्ण सत्रभर चालूच ठेवायचा आणि त्याच्या १२ व्होल्टच्या बाजूला रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, लावायचा. टायमरच्या सॉकेटमधून येणारे २३० व्होल्ट फक्त रिलेच्या कॉइलला द्यायचे. एअर कंडिशनरच्या दुरुस्तीत वापरतात तो २३० व्होल्ट कॉइलचा, ३० अँपिअरचा पॉवर रिले यासाठी चांगला. त्याच्यावर डीसीसाठीचा आकडाही छापलेला आहे ना, ते बघून घ्या. नुसता एसीचा आकडा असलेला कॉन्टॅक्ट डीसी तोडताना जास्त ठिणगी पाडतो. टायमरवरचं फोकसचं बटण या जोडणीतही पूर्वीसारखंच चालतं.

सामान

पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथे हे सगळं एका फेरीत मिळतं. बाकी ठिकाणी इलेक्ट्रिकलचं दुकान आणि सीसीटीव्हीचं सामान ठेवणारा माणूस यांच्यात मिळून काम होतं.

१२ व्होल्ट १७ अँपिअरचा किंवा मोठा एसएमपीएस. ३० अँपिअरचा रिले, त्याच्या बेससह. धातूची किंवा जाड प्लॅस्टिकची हवेशीर पेटी. फ्यूज आणि स्विच असलेलं तीन पिनांचं इनलेट, संगणकाच्या मागे असतं तसं, आणि त्यात ३ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. गाडीतला पट्टीचा १५ अँपिअर फ्यूज, होल्डरसह. २.५ स्क्वेअर एमएमची तीन कोअरची लवचिक केबल. ६.३५ मिलिमीटरचा सिरॅमिक होल्डर, सिलिकॉन किंवा काचतंतूच्या आवरणाची वायर जोडलेला. थिंबल (तारेच्या टोकावर दाबून बसवायचं धातूचं टोपण) आणि ते दाबायची क्रिंपिंगची पक्कड. एक्सटी६० कनेक्टरची जोडी. केबलला ओढ बसू नये म्हणून ग्लँड. काळी चिकटपट्टी.

केबलच्या जाडीवर कंजुसी नको. दोन मीटरच्या केबलमध्ये करंट जाऊन-येऊन चार मीटर प्रवास करतो. १.५ स्क्वेअर एमएममध्ये ८.३ अँपिअरला सुमारे ०.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, २.५ मध्ये ०.२५ पेक्षा कमी. हेडच्या आत, बल्बजवळ मात्र साधी पीव्हीसी वायर नेऊ नका, ती वितळते.

आणि एक कळकळीची सूचना. १२ व्होल्टच्या बाजूला घरगुती प्लग-सॉकेट कधीही वापरू नका, मग तो कितीही हाताशी असो. अंधारात कुणीतरी तो भिंतीतल्या २३० व्होल्टमध्ये खुपसेल आणि बल्ब चेहऱ्यासमोर फुटेल. एक्सटी६० दुसऱ्या कशातही बसत नाही, म्हणूनच तो घ्यायचा.

जोडणी

काम दिवसा, कोरड्या टेबलावर करा. २३० व्होल्टच्या जोडणीचा सराव नसेल तर तेवढा भाग ओळखीच्या वायरमनकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा.

सर्वांत आधी एसएमपीएसच्या जाळीतून आत डोकावून पाहा. बऱ्याच मॉडेलमध्ये ११५/२३० असा छोटा स्विच असतो. तो २३० वर आहे याची खात्री करा. ११५ वर राहिला आणि वीज दिली तर सप्लाय त्याच क्षणी जातो.

पेटीत एका बाजूला इनलेट, मध्ये एसएमपीएस, दुसऱ्या बाजूला रिले बसवा. इनलेटमधून फेज एसएमपीएसच्या एल वर, न्यूट्रल एन वर, अर्थ अर्थच्या खुणेवर. आजच्या वायरमध्ये फेज तपकिरी, न्यूट्रल निळी, अर्थ हिरवी-पिवळी असते. जुन्या घरांत आणि जुन्या एन्लार्जरमध्ये लाल, काळी, हिरवी दिसेल. पेटी धातूची असेल तर अर्थची एक तार पेटीलाही थिंबल लावून घट्ट करा. त्यासाठी त्या जागेचा रंग खरवडून काढा.

एसएमपीएसच्या प्लसपासून १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेचा कॉमन, रिलेच्या नॉर्मली ओपन टोकापासून केबलची पहिली कोअर. मायनसपासून थेट दुसरी कोअर. तिसरी कोअर अर्थची: एक टोक पेटीतल्या अर्थला, दुसरं हेडच्या धातूच्या भागाला. ही तिसरी तार अनेक जण गाळतात, कारण बल्ब तिच्याशिवायही पेटतो. डार्करूममध्ये हात ओले असतात आणि जमिनीवर पाणी असतं. जुने एन्लार्जर कित्येकदा दोन पिनांच्या प्लगवर, अर्थशिवाय चालत आले आहेत. तुमच्यापासून तरी ते थांबू द्या. डार्करूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तोही याच निमित्ताने बसवून घ्या.

रिलेच्या कॉइलला टायमरकडून येणारी दोन कोअरची केबल जोडा. पेटीच्या आत २३० व्होल्टच्या तारा आणि १२ व्होल्टच्या तारा वेगळ्या बाजूंनी न्या, टायने बांधा, एकमेकींवर पडू देऊ नका.

स्क्रूखाली जाणाऱ्या प्रत्येक तारेला थिंबल दाबा. तारांची टोकं सोल्डरमध्ये बुडवून स्क्रूखाली आवळायची पद्धत खूप रूढ आहे, पण सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो आणि ८ अँपिअरला ती जागा तापते.

बल्बला प्लस-मायनस नसतो. हेडमध्ये डीसी पंखा असेल तर त्याला असतो. पंख्याला सप्लाय रिलेच्या आधी, फ्यूजच्या पुढून द्या, म्हणजे बल्ब विझल्यावरही तो हवा काढत राहील. अर्थात पंखा १२ व्होल्टचाच असल्याची खात्री करून.

पहिल्यांदा चालू करताना

बल्ब न लावता वीज द्या. मीटरवर १२ व्होल्ट डीसी आले, पेटीला करंट नाही हे टेस्टरने पाहिलं, टायमरच्या बटणासरशी रिलेचा टक् आवाज आला, की प्लग काढा आणि बल्ब बसवा.

आता बल्ब पेटवा. दोन-चारदा चालू-बंद करा, तोही पूर्ण थंड झाल्यावर. लगेच आणि न लुकलुकता पेटायला हवा. लुकलुकला तर सप्लाय मोठा घ्यावा लागेल. तो प्रकाश कागदावर मोजूनमापून वापरता येत नाही, तेव्हा तडजोड करू नका.

मग व्होल्टेज लावा. एसएमपीएसच्या स्क्रूपट्टीशेजारी छोटा फिरता ॲडजस्टमेंट असतो. मीटरच्या काड्या होल्डरच्या टोकांना, बल्ब पेटलेला असताना लावा. केबलमध्ये किती व्होल्ट गेले ते तिथेच कळतं. प्लॅस्टिक दांड्याच्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने, शेजारच्या २३० व्होल्टच्या स्क्रूंना न शिवता, होल्डरवर १२.० व्होल्ट आणा. मी स्वतः ११.५ पसंत करतो. प्रकाश १३-१४ टक्के कमी होतो, त्याने एक्सपोजर किंचित वाढतं, पण बल्बचं आयुष्य दीडपटीहून अधिक होतं, आणि हे बल्ब दिवसेंदिवस मिळायला अवघड होत आहेत. एकदा लावलेला आकडा पेटीवर लिहून ठेवा आणि पुन्हा छेडू नका. रंगीत प्रिंट करणाऱ्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं, कारण व्होल्टेज बदलला की प्रकाशाचा रंगही बदलतो. मल्टिग्रेड कागदावर पिवळ्या-किरमिजी फिल्टरने कॉन्ट्रास्ट ठरवतानाही थोडा फरक जाणवतो.

अर्धा तास थांबून थांबून बल्ब चालवा, मग प्लग काढून होल्डर, फ्यूज, रिले आणि कनेक्टर यांना हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. होल्डर तापणारच. बाकी काही कोमटपेक्षा जास्त लागलं तर तिथला थिंबल पुन्हा दाबा.

अंधारातली तपासणी

पेटी डार्करूममध्ये नेल्यावर सगळे दिवे, सेफलाइट (कागदाला न बाधणारा डार्करूमचा मंद दिवा) सुद्धा, बंद करा आणि पाच-दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. एसएमपीएसच्या आत बहुतेक वेळा हिरवा एलईडी असतो आणि तो जाळीतून बाहेर दिसतो. कृष्णधवल कागद निळ्या प्रकाशाला तर संवेदनशील असतोच, मल्टिग्रेड कागद हिरव्यालाही असतो. सेफलाइट लाल असूनही प्रिंटमधले पांढरे भाग राखाडी का पडतात याचं उत्तर अनेकदा असा एखादा दिवा असतो. त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावा, मात्र हवेची भोकं बुजवू नका. इनलेटच्या स्विचमध्येही निऑन दिवा असतो, तोही झाका.

पेटी बेसबोर्डवर ठेवू नका. काही मोठ्या सप्लायना पंखा असतो आणि त्याची थरथर प्रिंटच्या तीक्ष्णतेवर उतरते. टेबलाखाली, कोरड्या बाजूला, ट्रेपासून दूर आणि जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. खांबाच्या टोकापर्यंत हेड नेऊन केबल ताणत नाही ना ते पाहा.

कागदावरची परीक्षा

मीटरने जे सांगितलं ते कागदाने मान्य केलं तरच काम झालं. निगेटिव्ह काढा, लेन्स एफ ८ वर ठेवा, हेड वर न्या आणि मधला करडा रंग मिळेल अशी वेळ शोधा, १० सेकंदांच्या आसपास. अगदी फिकट किंवा अगदी काळ्या रंगात फरक लपतो, मधल्या करड्यात तो लगेच उघड होतो.

एकाच कागदाच्या पट्ट्या कापा. एक पट्टी सत्राच्या सुरुवातीला, एक अर्ध्या तासाने, एक घरातला फ्रिज किंवा पंप सुरू असताना, अशा एकाच वेळेने एक्सपोज करा, काळ्या पिशवीत ठेवा आणि शेवटी एकत्र, एकाच ट्रेमध्ये डेव्हलप करा. वाळल्यावर उजेडात शेजारी शेजारी ठेवून कडा जुळवा. रंग सारखा असेल तर सप्लाय आपलं काम करतो आहे.

दुसरी परीक्षा टेस्ट स्ट्रिपसाठी. एका पट्टीला सलग १० सेकंद, दुसरीला २ सेकंदांचे ५ तुकडे. तुकड्यांची पट्टी थोडी फिकी येईल, कारण फिलामेंटला तापायला दर वेळी क्षणभर लागतो. फरक अगदी थोडा असेल तर ठीक. जास्त असेल तर टेस्ट स्ट्रिप तुकड्यांच्या बेरजेने करू नका. प्रत्येक पट्टीला तिची पूर्ण वेळ सलग द्या.

जुन्या सप्लायवर काढलेल्या प्रिंटच्या वेळा वहीत असतील तर त्या आता लागू नाहीत. त्यांतली एक ओळखीची निगेटिव्ह घ्या, नव्याने प्रिंट करा, दोन वेळांचं गुणोत्तर काढा. बाकीच्या वेळांना त्याच गुणोत्तराने गुणलंत की सुरुवात करण्यापुरते आकडे मिळतात.

महिन्याभराच्या वापरानंतर पेटी एकदा उघडा. नव्या जोडणीतले स्क्रू तापून-थंडावून थोडे सैलावतात, ते आवळा. होल्डरमधून बल्ब काढून पिना पाहा. चकचकीत असतील तर पुढची तपासणी बल्ब बदलताना केली तरी चालेल.